कढीपत्त्यावरची अळी घरात वाढवताना

पावसाळ्यात कढीपत्त्याला किंवा लिंबाला नवी पालवी फुटली की काही दिवसांतच पानांच्या कडा कुरतडलेल्या दिसू लागतात आणि घरात फवारणीच्या औषधाची शोधाशोध सुरू होते. ही पाने खाणारी अळी बहुधा लिंबू फुलपाखराची, म्हणजे लाईम बटरफ्लायची, किंवा त्याच्या जवळच्या कॉमन मॉरमॉनची असते. नागपूर भागातील संत्र्याच्या रोपवाटिकांना तिचा खरोखरच उपद्रव होतो, कारण वीतभर रोपाची सगळी पाने ती फस्त करू शकते. वाढलेल्या झाडाला मात्र चार-पाच अळ्यांनी फारसे काही होत नाही. आणि त्याच अळ्या डब्यात ठेवून वाढवल्या तर साधारण महिनाभरात अंडे, अळी, कोष आणि फुलपाखरू या चारही अवस्था घरबसल्या पाहायला मिळतात. या कामात येणारे बहुतेक अपयश एकाच कारणाने येते, ते म्हणजे सगळे लक्ष अळीकडे असते आणि तिच्या पानाकडे कोणी पाहत नाही. अळीसाठी पान हेच अन्न, तेच पाणी आणि तेच घर असते, आणि तिच्या मृत्यूचे कारणही बऱ्याचदा त्या पानावरच असते.

अळीला कोणतेही पान चालत नाही, यामागे वनस्पतींचे रसायनशास्त्र आहे. कीटकांनी आपली पाने खाऊ नयेत म्हणून जवळजवळ प्रत्येक वनस्पती पानांत काही ना काही कडू, उग्र किंवा विषारी द्रव्य साठवते. फुलपाखरांच्या वेगवेगळ्या जातींनी लाखो वर्षांत यांपैकी काही मोजकी द्रव्ये पचवण्याची किंवा निरुपद्रवी करण्याची क्षमता मिळवली आणि त्याबरोबरच त्या वनस्पतींशी त्या कायमच्या बांधल्या गेल्या. कढीपत्ता, लिंबू, संत्रे, बेल आणि कवठ ही झाडे दिसायला एकमेकांपासून कितीही वेगळी असली तरी एकाच कुळातली आहेत, म्हणून लिंबू फुलपाखराची अळी या सगळ्यांवर जगते. पण तिच्यापुढे कोबीचे किंवा जास्वंदीचे पान ठेवले तर ती उपाशी मरेल, ते खाणार नाही. अंडी घालणारी मादी योग्य झाड कसे ओळखते हे पाहण्यासारखे असते. ती पानावर उतरून पुढच्या पायांनी पानाचा पृष्ठभाग भराभर थोपटते. तिच्या पायांच्या टोकांवर चव ओळखणारे सूक्ष्म केस असतात, आणि त्या चवीची खात्री पटली तरच ती पोट वळवून अंडे चिकटवते.

म्हणून अनोळखी अळी सापडली की ती कोणत्या झाडावर होती हे आधी नोंदवावे. तेच झाड तिचे अन्न असण्याची शक्यता सर्वाधिक असते आणि त्यावरून तिची ओळखही पुष्कळदा पटते. रुईवर काळे, पांढरे आणि पिवळे पट्टे असलेली, पाठीवर लांब शिंगांसारख्या तंतूंच्या तीन जोड्या मिरवणारी अळी दिसली तर ती प्लेन टायगरची असते. कण्हेरीवर कॉमन क्रो, एरंडावर कॉमन कॅस्टर, आंब्यावर कॉमन बॅरन, बहाव्यावर एमिग्रंट आणि इमारतींच्या कुंपणालगत लावल्या जाणाऱ्या सरळसोट खोट्या अशोकावर टेल्ड जे, अशा जोड्या शहरातही सहज सापडतात. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून २०१५ मध्ये घोषित झालेले ब्ल्यू मॉरमॉन, म्हणजेच नीलवंत, हेसुद्धा लिंबाच्या कुळावरच वाढते. रुईची पाने तोडताना निघणारा चीक डोळ्यांत जाणे धोक्याचे असल्याने ते काम मुलांवर सोपवू नये. प्लेन टायगरची अळी मात्र हा चीक पचवून त्यातील विषारी द्रव्ये शरीरात साठवते आणि पुढे फुलपाखरालाही ती पक्ष्यांपासून वाचवतात.

सुरुवात अंड्यापासून करणे सर्वांत चांगले. लिंबू फुलपाखराचे अंडे साधारण एक मिलिमीटरचे, गोल आणि फिकट पिवळे असते आणि बहुधा कोवळ्या पानावर एकेकटे चिकटवलेले आढळते. ते नखाने सोडवण्याचा प्रयत्न करू नये. पानासकट, थोडा देठ ठेवून कापून आणावे. उबदार हवेत तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर पडते आणि अनेकदा आपल्याच अंड्याचे कवच खाऊन पहिले जेवण करते. फुटण्याच्या आदल्या दिवशी अंड्याच्या वरच्या बाजूला अळीचे गडद डोके दिसू लागते. याउलट संपूर्ण अंडे काळेकुट्ट झाले आणि दिवसेंदिवस तसेच राहिले, तर त्यात ट्रायकोग्रामाची पिल्ले वाढत आहेत असे समजावे. हे गांधीलमाशीच्या वर्गातले, जेमतेम दिसेल इतके लहान कीटक आपली अंडी फुलपाखरांच्या आणि पतंगांच्या अंड्यांत घालतात. शेतकरी ज्या ट्रायकोकार्डचा वापर बोंडअळीविरुद्ध करतात, त्यावर हेच कीटक असतात.

किती अंडी आणावीत, याचे उत्तर झाडाकडे पाहून द्यावे. रेशीम उत्पादकांना ठाऊक असलेले एक गणित येथे उपयोगी पडते: तुतीवरची रेशीम अळी तिच्या संपूर्ण आयुष्यातील अन्नापैकी सुमारे ८० टक्के किंवा त्याहून अधिक अन्न एकट्या पाचव्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेत खाते. फुलपाखरांच्या अळ्यांचेही प्रमाण साधारण असेच असते. पहिल्या आठवड्यात एका पानाचा कोपराही न संपवणारी अळी शेवटच्या चार-पाच दिवसांत डहाळ्याच्या डहाळ्या रिकाम्या करते, आणि ज्यांनी उत्साहाच्या भरात वीस अंडी गोळा केलेली असतात त्यांना मग शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे कढीपत्ता मागत फिरावे लागते. बाजारातील जुडी आणून ही अडचण सोडवू नये. विक्रीच्या कढीपत्त्यावर कीटकनाशकाची फवारणी झालेली असू शकते, आणि पाने धुतल्यानंतरही त्यातील अंश अळी मरायला पुरेसा ठरतो. कडुनिंबाचा अर्क ‘नैसर्गिक’ असल्यामुळे चालेल, हाही भ्रम आहे. त्यातील अझाडिरॅक्टिन हे द्रव्य नेमकी अळीची कात टाकण्याची प्रक्रियाच बिघडवते. ज्या खोलीत अळ्या ठेवल्या असतील तेथे डासांची कॉइल किंवा विजेवर चालणारे द्रवरूप औषध वापरू नये आणि मुंग्यांसाठी खडूही ओढू नये. मुंग्यांचा त्रास असेल तर डबा पाणी भरलेल्या ताटात उंचवट्यावर ठेवणे पुरते.

कायद्याचा विचारही याच टप्प्यावर करावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींमध्ये काही फुलपाखरांचा समावेश आहे आणि अभयारण्यांतून किंवा राष्ट्रीय उद्यानांतून काहीही उचलून आणण्यास मनाई आहे. घरच्या कुंडीत आपण होऊन आलेल्या, सर्वत्र आढळणाऱ्या जातींपुरते राहणे हे कायद्याच्या आणि व्यवहाराच्याही दृष्टीने योग्य आहे. घरी अळ्या वाढवल्याने फुलपाखरांची संख्या वाढते, असे मात्र मला वाटत नाही. एखाद्या जातीची संख्या वर्षानुवर्षे स्थिर राहते, याचा अर्थ एका जोडीच्या सगळ्या अंड्यांतून सरासरी दोनच फुलपाखरे पुढची पिढी निर्माण करण्यापर्यंत पोहोचतात. हा आकडा डब्यांवर ठरत नाही, परिसरात अन्नवनस्पती किती आहेत यावर ठरतो. घरच्या संगोपनाचा खरा उपयोग पाहण्यासाठी आणि शिकण्यासाठी आहे, आणि तेवढा तो भरपूर आहे.

लहान अळ्यांसाठी झाकणाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा आणि तळाशी टिपकागद एवढे साहित्य पुरते. झाकणाला भोके पाडण्याची घाई बहुतेक जण करतात, पण रोज उघडल्या जाणाऱ्या डब्यातील हवा एवढ्याशा जिवाला पुरून उरते आणि भोकांमुळे पाने मात्र सुकतात. पाने धुतली तर पूर्ण कोरडी करूनच ठेवावीत, कारण पाण्याच्या एका थेंबात नुकतीच जन्मलेली अळी बुडू शकते. तिला वेगळे पाणी लागतच नाही. पानातील ओलावा तिला पुरतो. तिला हाताने किंवा चिमट्याने उचलू नये. ती ज्या पानावर बसली असेल त्याचा तुकडा कापून ताज्या पानावर ठेवावा. भूक लागली की ती आपोआप सरकते. अळी बोटाच्या पेराएवढी झाली की तिला मोठ्या, जाळी लावलेल्या जागेत हलवावे. अन्न झाकायची घडीची जाळी यासाठी छान चालते. डहाळी अरुंद तोंडाच्या बाटलीत पाणी घालून ठेवली तर दोन-तीन दिवस ताजी राहते, पण बाटलीचे तोंड कापसाने घट्ट बंद करावे, अन्यथा अळ्या देठावरून सरळ पाण्यात उतरतात.

रोजचे मुख्य काम म्हणजे लेंड्या झाडणे. कोरड्या लेंड्या निरुपद्रवी असतात, पण बंद डब्यातील दमटपणात त्यांना बुरशी येते आणि गर्दी असेल तर रोग झपाट्याने पसरतो. विषाणूजन्य रोगाने मरणारी अळी बहुधा उंच जागी चढून उलटी लोंबकळते, काळी पडते आणि तिच्या शरीराचे अक्षरशः पाणी होते. हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी शेतात फवारला जाणारा एचएएनपीव्ही हा याच गटातील विषाणू आहे. अशी अळी दिसली की तिला पानासह तत्काळ काढून टाकावे, इतरांना स्वच्छ डब्यात हलवावे आणि जुना डबा ब्लीचच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवावा.

अळी खात नाही, हलत नाही, म्हणून ती आजारी आहे असे समजून तिला ढोसणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. अळीची कातडी ताणता येते तेवढी ताणते, पण वाढत नाही, म्हणून तिला ती चार वेळा टाकावी लागते. त्याआधी ती पानावर रेशमाची पातळ गादी विणून तीत पाय रुतवते आणि जवळजवळ दिवसभर निश्चल राहते. भिंगातून पाहिले तर जुन्या डोक्याच्या मागे नवे, मोठे डोके फुगीर दिसते. मग जुनी कातडी डोक्याच्या मागे उकलते आणि अळी पुढे सरकत तीतून बाहेर येते. डोक्यावरचे जुने टोपण शेवटी गळून डब्याच्या तळाशी पडते आणि टाकलेली कात अळी बऱ्याचदा खाऊन टाकते. या वेळी तिला ओढून दुसरीकडे नेले तर कात अर्धवट अडकते आणि अळी मरते. रेशीम उत्पादक शेतकरीही अळ्या कातेवर बसल्या की खाद्य थांबवतात.

लिंबू फुलपाखराच्या बाबतीत चौथी कात सर्वांत नाट्यमय असते. तोवर अळी तपकिरी आणि पांढरट, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि पानाच्या मधोमध उघड्यावर बसूनही पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. एवढ्या मोठ्या आकाराची विष्ठा खपून जाणार नाही, अशा वेळी ती कात टाकून हिरवीगार होते आणि आता पानात मिसळून जाते. तिला छेडले तर डोक्याच्या मागून नारिंगी, दुभागलेला, ओलसर अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. हा अवयव मुंग्या आणि लहान शत्रूंना परतवण्यासाठी आहे. माणसाला त्याने काही इजा होत नाही.

अळी प्रत्येक वेळी कात टाकून पुन्हा अळीच का होते आणि शेवटी कोष का होते, याचा निर्णय दोन संप्रेरके करतात. एक्डायसोन हे संप्रेरक ‘कात टाक’ एवढाच आदेश देते. त्या वेळी रक्तात ज्युवेनाइल हॉर्मोन भरपूर असेल तर पुढची अवस्था अळीचीच राहते. पाचव्या अवस्थेत त्याचे प्रमाण घसरते आणि मग तोच आदेश कोषाकडे नेतो. हा बदल बाहेरूनही दिसतो. अळी खाणे सोडते, नेहमीच्या कोरड्या लेंडीऐवजी पातळ, ओली विष्ठा टाकून आतडे रिकामे करते आणि तासन्‌तास डब्यात फिरत राहते. जुलाब झाले असे वाटण्यासारखेच हे दृश्य असते, पण घाबरण्याचे कारण नसते. तिला या वेळी काड्या आणि मोकळी जागा हवी असते.

यानंतर दोन रीती आहेत. प्लेन टायगर किंवा कॉमन क्रो यांसारख्या जाती शेपटीकडून उलट्या टांगून घेतात. लिंबू फुलपाखरू आणि त्याचे नातलग शेपूट रेशमाच्या गादीत रोवतात, पाठीमागून रेशमाचा एक दोर घेऊन त्यावर झाडावर चढणाऱ्या माणसासारखे रेलतात, आणि एक-दीड दिवसाने शेवटची कात टाकून कोष होतात. हिरव्या, गुळगुळीत देठावर झालेला कोष बहुधा हिरवा असतो आणि सुक्या, खडबडीत काडीवरचा तपकिरी. कोष पडला तर वाया जात नाही: टांगणारा कोष त्याच्या शेपटीकडील रेशमाला दोरा बांधून लटकवावा, आणि दोरावर रेलणारा कोष कागदाच्या शंकूत, डोके वर करून, शंकू उभा चिकटवून ठेवावा.

कोषाच्या आत अळीचा पूर्णपणे रस होतो आणि त्यातून फुलपाखरू बनते, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात स्नायूंसारखे बरेचसे भाग विरघळतात हे खरे. पण पंख, पाय आणि डोळे यांचे पेशीसमूह अळीच्या शरीरात आधीपासूनच असतात आणि ते आता झपाट्याने वाढतात. पेंटेड लेडी फुलपाखराच्या जिवंत कोषांचे सूक्ष्म सीटी स्कॅन करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात श्वासनलिकांचे जाळे फार लवकर तयार होऊन शेवटपर्यंत टिकते, असे दिसले. त्याआधी २००८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी तंबाखूवरील हॉक मॉथच्या अळ्यांना एका वासाबरोबर सौम्य विजेचा झटका देऊन तो वास टाळायला शिकवले होते. शेवटच्या अवस्थेत शिकलेल्या अळ्यांतून निघालेले पतंगही तो वास टाळत राहिले. म्हणजे मेंदूचा काही भाग या सगळ्या उलथापालथीतून शाबूत राहतो.

प्रत्येक कोषातून फुलपाखरूच निघेल याची खात्री नसते. झाडावरून मोठी अळी आणली असेल तर तिच्या शरीरात आधीच परजीवी माशीची किंवा गांधीलमाशीची अंडी असू शकतात. कोषातून पांढऱ्या अळ्या रेशमी धाग्यावरून खाली उतरल्या की समजावे की ती टॅकिनिड माशी होती. रेशीम शेतकऱ्यांना छळणारी उझी माशी हिचीच नातलग. अंड्यापासून किंवा अगदी लहान अळीपासून सुरुवात करण्याचा आग्रह धरायचा तो मुख्यतः यासाठी. या माशांचा राग करण्याचे कारण नाही, कारण त्या नसत्या तर कढीपत्त्याचे एकही पान स्वयंपाकाला उरले नसते.

उबदार हवेत आठ ते पंधरा दिवसांनी कोष पारदर्शक होऊ लागतो आणि त्यातून पंखांची नक्षी दिसते. त्यानंतर बहुधा पुढच्या सकाळीच फुलपाखरू बाहेर येते. त्याचे पंख या वेळी चुरगळलेले आणि ओले असतात, आणि पोटातील द्रव त्यांत भरून ते उलगडण्यासाठी त्याला उलटे लटकता आले पाहिजे. कोषाच्या खाली पंखांच्या लांबीच्या दुप्पट तरी जागा मोकळी हवी आणि पकड घेण्यासाठी जाळी किंवा काडी हवी. गुळगुळीत प्लास्टिकवरून घसरून पडलेल्या फुलपाखराचे पंख वाकडेच वाळतात आणि मग कोणताही उपाय चालत नाही. बाहेर आल्यावर ते लालसर किंवा तपकिरी द्रव टाकते. ते रक्त नसते, कोषात साठलेला टाकाऊ पदार्थ असतो. दोन ते चार तासांत पंख कडक होतात. पहिल्या दिवशी त्याला मधाची किंवा साखरपाण्याची गरज नसते. ऊन असताना फुलांजवळ सोडून द्यावे. पाऊस असेल तर रात्रभर काळोख्या, थंड जागी ठेवून दुसऱ्या दिवशी सोडावे.

पतंगांसाठी यात दोन बदल करावे लागतात. तगरीवर सापडणारी, बोटापेक्षा जाड, हिरवी, खांद्यापाशी निळे डोळे रंगवल्यासारखी आणि मागे शिंग असलेली अळी ऑलिएंडर हॉक मॉथची असते. कोष करायची वेळ आली की ती हिरवीची तपकिरी होते आणि झाडावरून उतरून जमिनीवरच्या पालापाचोळ्यात शिरते, म्हणून तिला टबात चार इंच भुसभुशीत माती आणि वर सुकी पाने द्यावी लागतात. पतंग संध्याकाळी किंवा रात्री निघतो, त्याला चढायला खडबडीत काडी लागते, आणि त्याला रात्रीच सोडावे. केसाळ कुसरुडांच्या वाटेला मात्र नवख्यांनी जाऊ नये. त्यांचे केस त्वचेत रुतून खाज आणि सूज येते आणि कोषाच्या धाग्यांतही ते गुंतलेले असतात.

दुसरा बदल वेळेचा आहे. फुलपाखराचा कोष महिनाभरात उघडला नाही तर लोक तो मेला म्हणून फेकतात, पण पतंगांचे अनेक कोष मुद्दाम थांबलेले असतात. गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा भागांत ऐन आणि अर्जुन वृक्षांवर वाढवल्या जाणाऱ्या टसर रेशमाच्या पतंगाचे हिवाळ्यातले कोष थेट पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी उघडतात, आणि त्यातून निघालेला पतंग तोंड निकामी असल्याने काहीही न खाता आठवडाभरच जगतो. कोषाची वाट पाहावी की नाही हे ठरवण्यासाठी तो हलकेच उचलून पाहावा. जिवंत कोष हाताला जड लागतो आणि अनेक जातींत स्पर्श होताच पोटाकडचा भाग वळवतो. मेलेला हलका, काळपट आणि ठिसूळ होतो. जिवंत वाटला तर सावलीत, मुंग्यांपासून दूर ठेवावा, फार कोरडी हवा असेल तेव्हा आजूबाजूच्या मातीवर अधूनमधून पाणी शिंपडावे आणि जूनपर्यंत तो टब हलवू नये.